टिळकांचं घर : धर्म बदलला, भाषा राहिली

हिवरे बाजारात व्याख्यानाला उभं राहताना आम्हाला थोडा संकोच वाटतो आहे. या गावात लोक येतात ते पाणी बघायला. बांध, समतल चर, भरलेल्या विहिरी, ग्रामसभेत मांडला जाणारा पाण्याचा ताळेबंद. आणि आम्ही आलो आहोत दोन जुनी पुस्तकं पिशवीत घालून. इथून सोळा-सतरा किलोमीटरवर नगर शहर आहे, म्हणजे आताचं अहिल्यानगर. त्या शहरात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी एक घर होतं. नवरा कवी, बायको कधी शाळेत न गेलेली, दारात सतत कोणीतरी पोरका मुलगा नाहीतर वाट चुकलेला कवी. त्या घराबद्दल आज बोलायचं आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचं घर.

आता हा विषय या गावात का, असं कोणी विचारेल. कारण दुष्काळ. तुमच्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींनी १९७२ पाहिला आहे. गाव सोडून खडी फोडायला जाणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. नगर जिल्ह्याने तसे आणि त्याहून भयंकर दुष्काळ आधीही पाहिले. १८७६ ते ७८ चा एक, १८९६-९७ चा एक, आणि लगेच १८९९-१९०० चा. मिशनऱ्यांनी त्या काळात अन्नछत्रं चालवली, अनाथ मुलं सांभाळली, आणि या जिल्ह्यातली पुष्कळ माणसं ख्रिस्ती झाली. तेव्हापासून आपल्याकडे एक शब्दप्रयोग रूढ झाला : पोटासाठी बाटले. आम्ही तो लहानपणी घरातच ऐकलेला आहे. म्हणणारी माणसं वाईट नव्हती. पण दुसऱ्याने काय सोसलं आणि कशासाठी, याचा निकाल ती तीन सेकंदांत लावून मोकळी होत. आम्ही चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं, आणि त्या निकालाबद्दलची आमची अस्वस्थता काही गेली नाही. म्हणून एक घर नीट उघडून बघू.

टिळकांचा जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. चित्पावन ब्राह्मणाचं घर. आई लवकर गेली, आणि घरातलं प्रेमही तिच्याबरोबर गेलं. मुलगा नाशिकला आला, तिथे गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. पुढे नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची बायको झाली. लग्नाच्या वेळी ती अकराच्या आसपास होती. सासरचं नाव लक्ष्मी. टिळकांचं एका जागी बूड टेकत नसे. आज या गावी शिक्षक, उद्या त्या गावी कीर्तन, परवा कुठे गेले ते बायकोलाही ठाऊक नाही. नागपूरला ते आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने ग्रंथांचं काम करत होते. याच काळात त्यांच्या मनात एक नवा धर्म घोळत होता. जातिभेद नको, मूर्ती नको, एक देव आणि माणसामाणसांतली बंधुता. त्या पिढीतले पुष्कळ जण असाच विचार करत होते. प्रार्थना समाज होता, सत्यशोधक समाज होता. टिळकांना मात्र कशातच समाधान नव्हतं.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन गृहस्थ भेटले. गप्पा संस्कृत काव्यावरून सुरू झाल्या आणि धर्मावर आल्या. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हातात नव्या कराराची प्रत दिली आणि भविष्य केलं, की तुम्ही दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते हास्यास्पद वाटलं. पण दिलेला शब्द म्हणून त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं, आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन ते थांबले. तिथून पुढे त्यांना मागे जाता येईना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या मंडळीत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो डब्यातला माणूस कोण होता, हे टिळकांना शेवटपर्यंत कळलं नाही.

तारीख लक्षात घ्या, १८९५. ते दोन मोठे दुष्काळ अजून यायचे आहेत. हा माणूस उपाशी नव्हता, त्याला भाकरीसाठी कोणाच्या दारात जायचं नव्हतं. उलट त्याने त्या दिवशी गमावलं ते मोजा. जात गेली, नातेवाईक गेले, आणि बायको-मुलगा गेले. निदान तेव्हा तरी गेलेच असं सगळ्यांनी धरलं.

विल्यम जेम्स नावाचा अमेरिकन तत्त्वज्ञ होऊन गेला. १९०१-०२ मध्ये त्याने एडिंबरोला धर्मानुभवावर व्याख्यानं दिली, १९०२ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. आमच्या विषयात ते अजून वाचलं जातं. जेम्स म्हणतो, मनाचं परिवर्तन दोन तऱ्हांनी होतं. काहींचं एका झटक्यात, काहींचं हळूहळू, आत कुठेतरी फळ पिकावं तसं. वर्गात हे शिकवताना आम्ही परदेशी संतांची उदाहरणं देत असू. बऱ्याच उशिरा लक्षात आलं की दोन्ही तऱ्हा आपल्या नगरात एकाच घरात राहत होत्या. वर्गातल्या मुलांना वीस वर्षं आम्ही हे सांगितलंच नाही, हा आमचाच आळस.

झटका टिळकांचा. हळूहळू पिकणं लक्ष्मीबाईंचं. आणि आमच्या मते त्यांची गोष्ट अधिक खोल आहे.

त्यांचं माहेर समजून घेतलं पाहिजे. १८५७ च्या धामधुमीनंतर त्यांच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या धक्क्याने वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. साधं कर्मठपण नव्हे, अक्षरशः वेड. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, मुलांनी कोणाला शिवायचं नाही. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाईंनी हे सगळं हसत हसत सांगितलं आहे. पण हसता हसता वाचकाच्या पोटात गोळा येतो. अशा घरातली मुलगी. तिला बातमी कळते की नवरा ख्रिस्ती झाला. त्या काळी ते नवरा मेल्यासारखं. किंबहुना मेला असता तर समाजाकडे विधवेसाठी एक ठरलेली जागा तरी होती. ही ना सवाष्ण, ना विधवा. लहान मुलगा पदरात. नातेवाइकांच्या आधाराने, पंढरपूर-नाशिक करत, चार-साडेचार वर्षं त्यांनी काढली.

इथे एक कायद्याची गोष्ट सांगतो, कारण ती सहसा कोणी सांगत नाही. १८५० साली कायदा झाला होता, की धर्म बदलला म्हणून माणसाचा वारसाहक्क जाणार नाही. आणि १८६६ साली दुसरा कायदा आला, की ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच्या धर्मांतरामुळे जोडीदार सोडून राहत असेल, तर त्याला कोर्टात जाऊन ते लग्न मोडून घेता येईल आणि दुसरं करता येईल. टिळकांना ही वाट मोकळी होती. त्यांनी ती धरली नाही. बायकोने ख्रिस्ती व्हावं अशी अट घातली नाही, आणि तिला सोडलंही नाही. पत्रं लिहीत राहिले, कवितेतून लिहीत राहिले, भेटायला येत राहिले. लोकांनी हाकललं तर परत गेले, पुन्हा आले. हा तापट माणूस होता, संसारात बेजबाबदार होता. त्यांनी ख्रिस्ती व्हायच्या आधी बायकोला विश्वासात घेतलं नाही, हा त्यांचा अपराध आम्ही लपवणार नाही. तो मोठाच अपराध आहे. पण पुढची पाच वर्षं त्यांनी जी चिकाटी दाखवली, तीही हिशेबात धरावी लागते.

शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या. आल्या म्हणजे ख्रिस्ती झाल्या असं नाही. नवऱ्याजवळ राहायचं, पण चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं जसंच्या तसं. कल्पना करा, मिशनच्या वस्तीत एक बाई आपली घागर कोणी शिवू नये म्हणून जपते आहे. कोणाच्या हातचं पाणी प्यायचं आणि कोणाच्या हातचं नाही, हा प्रश्न आपल्या देशात धर्माच्या ग्रंथांपेक्षा पाणवठ्यावर जास्त वेळा सुटला आहे किंवा अडला आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो तिथेच सुटला. आधी त्यांच्या मनाने जात सोडली. देवाने माणूस केला, जाती माणसाने केल्या, असा त्यांचा साधा हिशेब. तो पटल्यावर त्या कोणाच्याही हातचं खाऊ-पिऊ लागल्या. ख्रिस्त नंतर आला. १९०० साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, आणि स्वतःच्या वाटेने.

आता १९०० म्हणजे ऐन दुष्काळाचं साल. पोटासाठी बाटले म्हणणाऱ्याला लक्ष्मीबाईंचं सालही सोयीचं पडेल. पण ती बाई पाच वर्षं कशाशी झगडत होती, ते ‘स्मृतिचित्रे’ वाचल्यावर सालावरून निकाल लावायची हिंमत होत नाही.

मग एक अवघड प्रश्न उरतो, आणि तो आम्हीच विचारतो, तुम्ही विचारण्याआधी. या जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजातून आलेले. त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ लिहिली नाहीत, तेव्हा त्यांना लिहायला कोणी शिकवलेलंच नव्हतं. टिळकांचा आतला झगडा आपल्याला ठाऊक आहे कारण टिळक लिहिणारे होते. ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याच्या मनात बाप्तिस्म्याच्या दिवशी काय होतं, याची नोंद क्वचितच सापडते. आणि भूक लागलेली असताना माणसाला देव कळत नाही असं थोडंच आहे? मिशनऱ्याने भाकरी दिली हे खरं. पण आपल्या शेजारी बसवून दिली, हे त्या खाणाऱ्याला भाकरीइतकंच महत्त्वाचं वाटलं असेल. ब्राह्मणाने धर्म बदलला तर तत्त्वासाठी आणि महाराने बदलला तर पोटासाठी, अशी वाटणी करणाऱ्याने आधी आपलं माप तपासावं. (इथे टाळी नको, पुढे बरंच सांगायचं आहे.)

तर, लिहिण्याकडे येऊ. नगरला टिळकांना डॉ. ह्यूम यांच्यासारखे लोक भेटले, सेमिनरीत शिकवण्याचं काम मिळालं. नगर हे तेव्हा ख्रिस्ती मराठीचं माहेरच होतं म्हणा ना. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली इथेच निघालं. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे घेतले ते इथल्याच मिस फरार यांच्याकडे. बाबा पदमनजी बेळगावचे, पण तेही याच परंपरेतले. १८५७ साली ‘यमुनापर्यटन’ लिहून त्यांनी विधवांचं दुःख मराठी कादंबरीत आणलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या मुली सांभाळल्या, आपल्या नगरचं केडगाव नव्हे, दौंडजवळचं, आणि सगळं बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी उरलेलं आयुष्य घातलं.

पण एक अडचण होती. ख्रिस्ती मंडळींच्या उपासनेत गाणी पुष्कळशी इंग्रजीवरून उतरवलेली, चालीही परक्या. शब्द मराठी पण कानाला ओळखीचे नाहीत. नगरात कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनं सुरू केली होती, त्यांना त्याचं श्रेय दिलं पाहिजे. टिळकांनी ती वाट रुंद केली. ख्रिस्ती झाल्यावर सुरुवातीला काही काळ ते जुन्या संतांपासून दूर गेले. ते साहजिक आहे. नवा माणूस जुन्या घराकडे पाठ करतोच. नंतर ते ज्ञानेश्वर-तुकारामांकडे परतले. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो, अशा अर्थाचं ते सांगत असत. मग त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, भजनं लिहिली. आज मराठी चर्चमध्ये जे ‘उपासना संगीत’ हातात असतं, त्यात त्यांची शंभराहून अधिक पदं आहेत. नगर तालुक्यातल्या एखाद्या लहानशा चर्चमध्ये रविवारी जाऊन बसा, पेटी-तबल्यावर चाललेलं ऐकाल तर क्षणभर वाटेल की शेजारी विठ्ठलाचंच देऊळ आहे.

इथे आमचं मत सांगतो. टिळकांच्या आयुष्यात परिवर्तनं दोन आहेत. पहिलं १८९५ चं, ते सगळ्यांना दिसतं. दुसरं हे परतणं. पहिल्याने ते ख्रिस्ती झाले, दुसऱ्याने ते ख्रिस्ती लेखक झाले. श्रद्धा बदलणाऱ्या माणसाला लिहायचं असेल तर त्याच्यापुढे पेच असतो. जुने शब्द वापरावेत तर नवे सोबती संशय घेतात, नवे घडवावेत तर कोणाला कळत नाहीत. टिळकांनी दोन्हीकडचा संशय पत्करला. मिशनमधल्या काहींना वाटे हा अजून पुरता सुटला नाही, आणि जुन्या मित्रांना वाटे हा आपली भांडी पळवतो आहे. तशी ही भांडी फार आधी उचलली गेली होती. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. म्हणजे तुकाराम लहान होते तेव्हा ख्रिस्ताची कथा ओवीत येऊन बसली होती.

आणि टिळक फक्त धार्मिक कवी राहिले नाहीत. ‘केवढे हे क्रौर्य’ मधली पक्षीण आपण शाळेत भेटलेली आहे. फुलामुलांचे कवी हे त्यांचं नाव सगळ्या महाराष्ट्राने ठेवलं, धर्म न बघता. १९०७ साली जळगावला कविसंमेलन झालं, तिथे एक सतरा वर्षांचा मुलगा उठून कविता म्हणून गेला. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. आपण त्यांना बालकवी म्हणतो. हा मुलगा पुढे टिळकांच्या नगरच्या घरात येऊन राहिला. तो ख्रिस्ती झाला नाही, कोणी केलाही नाही. लक्ष्मीबाई त्याच्या आईच झाल्या. तो रुसे, त्या समजूत काढत, तो पळून जाई, त्या शोधायला जात. ‘स्मृतिचित्रे’तली ती पानं आम्ही दर वर्षी एकदा वाचतो. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले, अवघे सत्तावीस वर्षांचे.

टिळक १९१२ पासून ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. पण १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला. पंचावन्न वर्षांचा माणूस, हाती पुंजी नाही, घरात माणसं फार. पगारावर राहून आपण परक्यांचे नोकर ठरतो, आपले लोक आपल्याकडून ख्रिस्त घेणार नाहीत, असं त्यांना वाटू लागलं होतं. साताऱ्याला जाऊन त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचं मंडळ काढलं. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही ते खुलं. हा प्रयोग फार टिकला नाही. ९ मे १९१९ ला मुंबईत जे. जे. रुग्णालयात ते गेले. पोटासाठी बाटले म्हणणाऱ्यांना आम्ही १८९५ च्या तारखेपेक्षा हे १९१७ साल दाखवतो.

जाताना एक काम अर्धवट राहिलं. ‘ख्रिस्तायन’. ख्रिस्ताचं चरित्र ओवीबद्ध लिहायला त्यांनी घेतलं होतं आणि दहा-अकरा अध्यायांवर लेखणी थांबली. ते वहीतच राहिलं असतं. लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेलं. ज्यांना टिळकांनी लग्नानंतर घरी अक्षरं शिकवली होती, त्या बाईंनी म्हातारपणी साठाहून अधिक अध्याय लिहिले. नवऱ्याच्या दहा-अकरा अध्यायांना जोडून. आम्ही हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा परत तपासून पाहिले.

आणि त्याच वर्षांत, मुलगा देवदत्त याच्या आग्रहाने, त्यांनी आपल्या आठवणी लिहिल्या. खरं तर टिळकांचं चरित्र व्हावं म्हणून. झालं त्यांचं स्वतःचं. ‘स्मृतिचित्रे’ चार भागांत १९३४ ते १९३७ या काळात निघाली. शेवटचा भाग हातात पडायला त्या राहिल्या नाहीत, २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या. त्या पुस्तकात ना उपदेश आहे, ना कोणावर सूड. नवऱ्यावर हसतात, स्वतःवर जास्त हसतात. साधी घरातली मराठी, आपल्या आज्या बोलत तशी. टिळकांनी अभंग शोधून जे मिळवलं, ते लक्ष्मीबाईंना शोधावंच लागलं नाही, असं आम्हाला कधी कधी वाटतं. त्यांच्या कवितांच्या संग्रहाचं नाव आहे ‘भरली घागर’. नगरला वेगळं पाणी भरणाऱ्या बाईच्या संग्रहाचं हे नाव.

तुमच्या गावात एकच मुस्लिम कुटुंब होतं आणि त्यांच्यासाठी गावाने मशीद उभी केली, हे आम्ही वाचलं होतं. आज येताना ती पाहिली. तेव्हा वाटलं, इथे हा विषय चालेल.

‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत आम्ही शाळेच्या ग्रंथालयासाठी आणली आहे, ती गुरुजींकडे दिली आहे. पहिलं प्रकरण सोवळ्याचं आहे, मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, हसतील. आता तिकडे मागे बसलेल्या आजींनी मघापासून हात वर केला आहे. विचारा, आजी.